घरात नवं बाळ आलंय : पुण्यातल्या घरांतून नेहमी येणारे प्रश्न

ओळखीपाळखीच्या घरांतून पहिल्या तीन-चार महिन्यांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्या बहुतेक नव्या आया, थोड्या आज्या. बाबा लोकही विचारतात, पण रात्री दोननंतर. औषध आणि डोस सांगायला तुमचे बालरोगतज्ज्ञ आहेत. इथे आहे ते घरातलं. बाळाचं मागणं तसं फार नसतं, त्याच्याभोवतीच्या मोठ्यांचीच घडी बसायला वेळ लागतो. म्हणून पुष्कळ उत्तरं मोठ्यांनाच उद्देशून आहेत.

पहिलं बाळंतपण माहेरी करतात ना? पण माहेर लातूरला आणि डॉक्टर पुण्यात.

माहेरी पाठवायचं ते मुलीला निवांत पडता यावं, कोणाच्या चहाच्या वेळा सांभाळायला लागू नयेत म्हणून. ते पुण्यात मिळत असेल तर पुण्यातच राहा. हिंजवडी, वाकड, खराडीकडे हल्ली उलटच चाललंय. आईच डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन पुण्याला येते आणि दोन-तीन महिने दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात काढते. तेव्हा तिचीही सोय बघा. सातव्या मजल्यावर दिवसभर अडकलेल्या आईला संध्याकाळी तासभर खाली कट्ट्यावर जाऊ द्या. तिथे तिच्या वयाच्या चार जणी भेटतात, आणि घरातला पाराही जरा उतरतो.

लातूरला जायचंच असेल, तर बाळाची पहिली तपासणी आणि वजन इथे होऊ द्या. रुग्णालयाचे कागद आणि लसीकरणाचं कार्ड पर्समध्ये ठेवा. बॅगेच्या तळाशी गेलं की सापडत नाही.

दोन्ही आज्या घरात आहेत. एकीने टोपरं घातलं की दुसरी काढते. ऐकायचं कोणाचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. दोघींचंही बरोबर असतं, कारण दोघींनीही मुलं वाढवलेली असतात. अडचण अशी की बाळ एकच असतं.

खाती वाटून द्या. सकाळची मालिश-अंघोळ एकीकडे, बाळंतिणीचं खाणंपिणं दुसरीकडे. ज्याचं खातं त्याचा शब्द शेवटचा, दुसरीने सल्ला द्यायचा पण हात घालायचा नाही. मुलाने आपल्या आईशी बोलायचं आणि मुलीने आपल्या. सुनेने सासूला 'काजळ नको' म्हटलं तर ते आठवडाभर घरात फिरतं. तेच मुलगा म्हणाला तर 'बरं बाबा' म्हणून विषय मिटतो. न्याय्य नाही, पण तसंच होतं. आणि डॉक्टरांकडच्या पहिल्या खेपेला ज्या आजीला सगळ्यात जास्त शंका आहेत तिला बरोबर न्या. 'डॉक्टरांनी सांगितलंय' हे सुनेच्या तोंडून ऐकणं वेगळं आणि स्वतःच्या कानांनी ऐकणं वेगळं.

बघायला येणाऱ्यांना 'येऊ नका' कसं सांगायचं?

सांगू नका, वेळ द्या. 'रविवारी साडेपाच ते साडेसहा या' म्हटलं की कोणाला राग येत नाही, पुण्यात तर नाहीच. आल्यावर आधी हात धुणं, सर्दी-खोकला असेल तर लांबूनच बघणं, पापे न घेणं, हे सांगायचं काम आजोबांकडे द्या. त्यांना कोणी उलट बोलत नाही. बाळ दूध पीत असेल तर दार लोटलेलं राहील, एवढंही सांगून ठेवायचं.

मालिशवाल्या बाई ठेवाव्यात का?

परवडत असेल तर जरूर ठेवा, आणि त्यांच्याकडून बाळापेक्षा बाळंतिणीला जास्त चोळून घ्या. बाळाला मालिश आवडते, झोप छान लागते. पण हाडं त्याने घट्ट होत नाहीत आणि रंगही उजळत नाही. ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांनी दिले असतील ते रोज द्या, हाडांचं काम ते करतात.

बाईंशी पहिल्याच दिवशी बोलून घ्या. बांगड्या-अंगठ्या उतरवून, हात धुऊनच बाळाला हात लावायचा. नाकात-कानात तेल सोडायचं नाही. नाक 'वर काढण्यासाठी' चिमटीत धरायचं नाही, बाळाला उलटं लोंबकळवायचं नाही. आणखी एक गोष्ट बायका दबक्या आवाजात विचारतात. मुलगा असो वा मुलगी, काही बाळांची छाती सुजल्यासारखी दिसते, कधी थेंबभर दूधही येतं. आईच्या संप्रेरकांमुळे होतं आणि काही आठवड्यांत आपोआप जातं. ते पिळून काढायची पद्धत आहे, ती करू देऊ नका, गळू होतं. टाळूवर तेलाचा हात फिरवायला हरकत नाही, पण टाळू भरते ती आपल्या वेळेने, साधारण दीड वर्षापर्यंत.

बाई सकाळभर पाच-सहा घरं करतात, म्हणून त्यांना सर्दी असेल त्या दिवशी भरपगारी सुट्टी द्या. पगार कापला तर त्या शिंकत येणार.

अंघोळीनंतर धुरी, शेक, काजळ?

ओवा, वावडिंग, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकून धुरी देतात. वास घरभर छान पसरतो आणि आजीला समाधान मिळतं, पण धूर बाळाच्या छातीला वाईटच. धुरीच हवी असेल तर बाळाचे कपडे बाहेर धुरावून घ्या आणि हवेशीर झाल्यावर घाला. आईच्या कमरेला शेक गरम पाण्याच्या पिशवीने मिळतो. बंद खोलीत शेगडी कधीही ठेवू नका. थंडीत पुण्याचं किमान तापमान दहाच्या आसपास येतं, मग खिडक्या बंद होतात आणि गॅस गिझर बाथरूमच्या आतच पेटलेला असतो. कोंडलेल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास ना रंग. बादल्या आधी भरून घ्या, गिझर बंद करा, मगच बाळाला आत न्या.

काजळ डोळ्यांत नको, त्यात शिसं असू शकतं. दृष्टीची काळजी असेल तर तळपायाला तीट लावा. दृष्ट काय पायाकडेही बघते.

गुटी कधीपासून?

सहा महिने आईचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं, बाकी काही नाही. पाणी नाही, मध नाही, गुटीही नाही. मे महिन्यात पारा चाळीसला टेकला तरी अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचं पाणी लागत नाही, दुधातच ते असतं. जरा जास्त वेळा पाजा. मध तर वर्षभर नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो.

गुटीवर आज्यांचा जीव असतो हे मान्य. रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, बेहडा, सुंठ, ज्येष्ठमध निवडून आणायचं आणि सहाणेवर वेढे मोजत उगाळायचं, यात माया आहेच. पण सहाण ओली राहते, तिच्यावर काय काय वाढतं ते दिसत नाही, आणि जायफळाचे दोन वेढे जास्त झाले की बाळ शांत झोपल्यासारखं दिसतं ते गुंगीने. सहा महिन्यांनंतर द्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि जायफळ वगळून.

दूध पुरतंय हे कळायचं कसं? सगळे म्हणतात 'भुकेलाय, वरचं द्या'.

रडण्यावरून नाही कळत, दुपट्यांवरून कळतं. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल तर पुरतंय. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं. म्हणून घरी येताच काटा आणून रोज वजन करू नका, काटा फक्त झोप घालवतो. दिवसातून आठ ते बारा वेळा पाजणं हे नेहमीचंच आहे, म्हणजे बाळंतीण दिवसभर 'नुसती बसलेली' दिसणार. ती काम करते आहे.

शीचंही तसंच. अंगावर पिणारं बाळ दर वेळी पिऊन झाल्यावर शी करेल, किंवा महिन्याभरानंतर दोन-तीन दिवस करणारही नाही. मऊ असेल आणि बाळ खुशीत असेल तर काळजी नको.

बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल आणि आईला दूध येत नसेल, तर पुण्यात मानवी दुग्धपेढ्या आहेत. ससून रुग्णालयातही आहे. नवजात विभागातल्या डॉक्टरांना आपणहून विचारा.

बाळंतिणीने काय खायचं? 'वातूळ' म्हणून सगळंच बंद केलंय.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, खसखस, भरपूर तूप, सगळं चांगलंच आहे. मात्र डाळी, उसळी, फळं, पालेभाज्या बंद करायचं कारण नाही. दूध लाडवांनी वाढत नाही, बाळ ओढतं त्याने वाढतं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या दवाखान्यातून आल्यावर विसरल्या जातात, त्या फ्रिजवर चिकटवून ठेवा. आणि तिला गरम जेवू द्या. सगळ्यांत शेवटी, गार आमटीभात, एका हाताने, हे अजूनही फार घरांत चालतं.

नवऱ्याने नक्की काय करायचं?

पाजणं सोडून सगळं. ढेकर काढणं, दुपटी बदलणं, रात्री बाळ उचलून आईच्या हातात देणं आणि परत घेणं, मालिशवाल्या बाईंचे पैसे, लसीच्या तारखा, दूधवाला, मावशींचा फोन. 'मला सांग, मी करतो' हे वाक्य वापरू नये. काय करायचं ते आठवून सांगणं हेच निम्मं काम असतं. केंद्र सरकारी नोकरीत वडिलांना १५ दिवसांची रजा मिळते, खासगी कंपन्यांत ज्याचं त्याचं धोरण. ती रजा बारशाच्या तयारीत घालवण्यापेक्षा पाहुणे परतल्यावरच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. खरी गरज तेव्हा लागते.

रात्रभर जागं, दिवसभर झोपलेलं. काही उपाय?

पहिले दोन महिने फारसा नाही. दिवसा पडदे उघडे ठेवा आणि घरातले आवाज चालू द्या. रात्री मंद दिवा, कमी बोलणं, मोबाईल लांब. रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. संध्याकाळी रोज त्याच वेळी कळवळून रडणारी बाळं असतात. तपासून घ्या, आणि बाळ ठणठणीत निघालं तर पाळीपाळीने कडेवर घेऊन फेऱ्या मारा. निजवताना उताणं, सपाट गादीवर, उशी नको, चेहऱ्यापाशी गोधडी नको. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी करतात, तिचीही गरज नाही.

खालच्या मजल्यावरचे काका तक्रार करतील. त्यांना बारशाचं आमंत्रण आधी द्या.

बारसं बाराव्या दिवशीच करायचं का? हॉल घ्यावा का?

बाराव्या दिवशी आईचे टाके ओले असतात, तिला तासभर नीट बसवत नाही. बाराव्याला घरच्या घरी पाळणा सजवा, आत्याने कानात कुर्रर्र करून नाव सांगावं, पाठीत धपाटे खावेत, घुगऱ्या वाटाव्यात. झालं बारसं. मोठा कार्यक्रम दोन-तीन महिन्यांनी करा. बाळ काचेच्या पेटीत असेल तर बाराव्याचं मनाला लावून घेऊच नका, घरी आल्यावर येणारा दिवस शुभच. कुंची फोटोपुरती घालून काढा, आत घाम येतो.

पहिल्या संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण होतं. बोरं, चुरमुरे, रेवड्या डोक्यावरून ओततात आणि सगळ्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडे असतं. एका मोठ्या माणसाचं लक्ष बाळाच्या तोंडाकडे हवं. हलव्याचे दागिनेही तोंडात जातात.

जन्मदाखल्याचं काय करावं लागतं? नाव अजून ठरलेलं नाही.

बाळ रुग्णालयात जन्मलं असेल तर नोंद रुग्णालय कळवतं. जन्मापासून २१ दिवसांत ती विनाशुल्क होते. त्यानंतर विलंब शुल्क लागतं, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत गोष्ट जाते. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते. नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे पत्रिकेतल्या अक्षरावरून दोन्ही आजोबांना भांडायला भरपूर मुदत आहे.

खरी काळजी घ्यायची ती रुग्णालयातल्या अर्जाची. आई-वडिलांची नावं आधार कार्डावर आहेत तशीच, मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरांत, घरी निघण्यापूर्वी वाचून घ्या. पुढे एका अक्षरासाठी महापालिकेत खेटे घालावे लागतात. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा आधार हाच दाखला आहे.

मुलगी असेल आणि घरात पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल, तर राज्याच्या 'लेक लाडकी' योजनेचा अर्ज अंगणवाडी सेविकेकडे भरा. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला जन्मानंतर ५ हजार रुपये आणि टप्प्याटप्प्याने अठराव्या वर्षापर्यंत एकूण १ लाख १ हजार मिळतात. घरकामाच्या मावशींच्या घरी बाळ आलं असेल तर त्यांनाही सांगा, पुष्कळांना माहीत नसतं.

लसी सरकारी घ्याव्यात की खासगी?

राष्ट्रीय वेळापत्रकातल्या लसी कमला नेहरू रुग्णालयात, ससूनमध्ये आणि महापालिकेच्या दवाखान्यांत मोफत मिळतात, आणि त्या उत्तम असतात. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना, पुढे ९ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. खासगीत काही जादा लसी आणि कमी ताप आणणाऱ्या लसी मिळतात, ते तुमच्या खिशावर. तारीख चुकवू नका, हे दोन्हीकडे सारखंच.

बीसीजीच्या जागी महिन्या-दीड महिन्याने पुटकुळी येते, फुटते, व्रण राहतो. तसंच व्हायचं असतं. हळद लावू नका, त्या दंडाला मालिश करू नका.

पाण्याची भीती वाटते. टँकरचं पाणी आहे.

वाटायलाच हवी. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड भागात जीबीएसचे (गिलन-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण एकदम वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावरच होता. वरचं दूध पिणाऱ्या बाळासाठी पाणी खळखळ उकळूनच घ्या, फिल्टर असला तरी. वाटी-चमचा उकळा. बाटली धुणं कटकटीचं असतं, त्यापेक्षा वाटी-चमचा कधीही बरा. महापालिकेचं पाणी दुरुस्तीसाठी बंद राहतं ते बहुधा गुरुवारी, म्हणून बुधवारी रात्रीच दुपट्यांचा ढीग धुऊन टाका. पावसाळ्यात ती तीन-तीन दिवस वाळत नाहीत. डझनभर जास्तीची शिवून घ्या, जुन्या सुती साडीची सगळ्यात मऊ होतात. आणि बाळाला मच्छरदाणीत ठेवा, डेंगीचे डास दिवसा चावतात.

गाडीवरून नेलं तर चालेल का? दवाखाना दोनच किलोमीटर आहे.

दुचाकीवर, पुढे बाबा, मागे आई आणि मध्ये दुपट्यात बाळ. पुण्यात रोज दिसतं, तरीही नको. केंद्राच्या २०२२च्या नियमात ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांना हेल्मेट आणि सुरक्षापट्टा सांगितला आहे, त्याहून लहान बाळाच्या डोक्याला बसेल असं हेल्मेटच नसतं. रिक्षा घ्या, 'बाळ आहे, सावकाश' म्हणा. बहुतेक रिक्षावाले खरंच सावकाश नेतात. बाबागाडीचा खर्च वाचवा, आपल्या फूटपाथांवर ती उचलूनच न्यावी लागते. एसटीने गावी जाताना स्थानकावर हिरकणी कक्ष कुठे आहे ते विचारा, तिथे दाराआड बसून पाजता येतं.

घर पेठेत आहे आणि गणपती आलेत.

विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते. लक्ष्मी रस्त्याच्या आसपास घर असेल तर त्या दिवशी सकाळीच बाळाला घेऊन कोथरूडला मावशीकडे जा. कापसाचे बोळे आवाज अडवत नाहीत. घरातल्या आरतीला झांजा जरा लांब वाजवा.

मोठा चार वर्षांचा आहे, तो बाळाला चिमटे काढतो.

काढणारच. रागवू नका, पण दोघांना एकटं सोडू नका. दिवसातला अर्धा तास आई फक्त त्याची, बाळ दुसऱ्या खोलीत. 'तू आता दादा झालास' हे कमी बोला.

सगळं छान आहे, तरी तिला सारखं रडू येतं.

पहिल्या दोन आठवड्यांत पुष्कळ जणींना येतं, झोप आणि सोबत मिळाली की ओसरतं. त्यापुढे टिकलं, बाळाकडे बघावंसं वाटेनासं झालं, झोप मिळूनही लागेना, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. 'आमच्या वेळी नव्हतं हे असलं काही' असं आज्या म्हणतात. होतं, विचारत नव्हतं कोणी. प्रसूतीच्या डॉक्टरांना सांगा. टेली मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतं असं ती म्हणाली, तर तिला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडे कधी धावायचं?

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, पिणं सोडलंय, उठवून उठत नाही, श्वास भराभर चालतोय किंवा बरगड्या आत ओढल्या जातायत, हिरवी उलटी, झटके, आठ तासांत शू नाही. कावीळ बऱ्याच बाळांना होते, पण पहिल्याच दिवशी दिसली किंवा तळहात-तळपायापर्यंत उतरली तर उन्हात धरून बसू नका, लगेच निघा. रात्र असेल तर १०८.

सहा महिन्यांनी कामावर जायचंय. पाळणाघर कसं बघायचं?

पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने आहे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीने पाळणाघराची सोय करायची असते. रजेवर जाण्यापूर्वीच विचारून ठेवा, परत आल्यावर उत्तरं लांबतात.

सोसायटीतल्या काकूंचं घरगुती पाळणाघर असेल तर न सांगता दुपारी जा, मुलं तेव्हा झोपलेली असतात. किती मुलांमागे किती माणसं, दार कोण उघडतं, टीव्ही चालू आहे का, आजारी मुलाला परत पाठवतात का, एवढं बघा. काढलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, खोलीत चार तास, उन्हाळ्यात त्याहून कमी. डब्यावर तारीख आणि वेळ लिहा. एकदम दिवसभर ठेवू नका, रजा संपायच्या दोन आठवडे आधी तासाभरापासून सुरुवात करा. आजी नाराज होईल, 'मी असताना पाळणाघर कशाला' म्हणेल. तिला दुपारी चारला आणायला जायचं काम द्या.